मशीनवर उतरणारं प्रशिक्षण: ही जबाबदारी पहिल्यांदाच आलेल्यांसाठी

भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्यात ‘यंदा ट्रेनिंग तुम्ही बघा’ असं कुणाला तरी सांगितलं जातं, ते बहुतेक वेळा ऑडिट जवळ आलं की. ते काम येतं क्वालिटीतल्या किंवा एचआरमधल्या एखाद्या तरुण माणसाकडे. तो बसून वर्षाचं कॅलेंडर करतो: जानेवारीत फाइव्ह-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), फेब्रुवारीत सुरक्षा, मार्चमध्ये क्वालिटी अवेअरनेस. कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टर लागतो, तासभर स्लाइड चालतात, हजेरीवर सह्या होतात आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळे ‘उत्तम’ला टिक करून चहाला जातात. मीही अशी कॅलेंडरं काही वर्षं केली. फायली जाड होत गेल्या, रिजेक्शनचे आकडे होते तिथेच राहिले. आयएसओ ९००१ या गुणवत्ता-व्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकात कलम ७.२ आहे. नुसतं प्रशिक्षण दिलं एवढ्यावर ते थांबत नाही, त्याचा उपयोग झाला का हे तपासायलाही सांगतं. ते तपासणं आम्ही त्या ‘उत्तम’च्या टिकांवर भागवत होतो.

हा लेख त्या तरुण माणसासाठी आहे. उदाहरण एकच घेतो, सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथवर धातूचा नग कातण्याचं, कारण त्यात माझी बरीच वर्षं गेली. तुमचं काम पॅकिंगचं, स्टोअरचं किंवा हॉस्पिटलच्या वॉर्डातलं असलं तरी क्रम हाच ठेवा.

आधी नुकसान शोधा, विषय नंतर

‘यंदा काय शिकवू या?’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. रिजेक्शनचं रजिस्टर, रीवर्कची नोंद, ग्राहकाच्या तक्रारी, टूल तुटल्याची नोंद, अपघात आणि ‘थोडक्यात वाचलो’च्या नोंदी असं मागच्या तीन महिन्यांचं सगळं टेबलावर घ्या. कुठे माल, वेळ किंवा माणूस जातो आहे ते बघा. मग एकच जागा निवडा. एकच. पहिल्याच खेपेला पाच विषय घेतले तर एकाचाही पाठपुरावा होत नाही.

निवडलेली गोष्ट जितकी नेमकी लिहाल तितकं पुढचं काम सोपं. ‘क्वालिटीबद्दल जागरूकता कमी’ यातून काहीच करता येत नाही. आमच्या एका कारखान्यात शेवटी कागदावर आलेलं वाक्य असं होतं: ५० मिमीचा शाफ्ट, टॉलरन्स शून्य ते उणे २५ मायक्रॉन, दुसऱ्या पाळीत अंडरसाइज होतो, आणि जास्त करून टूलचा कॉर्नर बदलल्यानंतरचे एक-दोन जॉब जातात. (टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक, मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग, अंडरसाइज म्हणजे मापापेक्षा बारीक, कॉर्नर म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या इन्सर्टची एक धार, जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा एक नग.) या वाक्यात जॉब आहे, पाळी आहे, क्षण आहे. हे कळायला मला कुठलंही सर्वेक्षण लागलं नाही. रजिस्टरमध्ये वेळेचा रकाना होता, तो कुणी वाचत नव्हतं एवढंच.

मग मशीनपाशी उभं राहा

ऑफिसात बसून कारणं काढू नका. दोन-तीन पाळ्या उभं राहून बघा, त्यातली एक दुसरी किंवा तिसरी असू द्या. ज्याचा माल नेहमी बरोबर येतो त्याला आधी बघा, ज्याचा बिघडतो त्याला नंतर. जाताना हातात वही असली तर आधी सांगा: ‘दादा, तुमची चूक काढायला आलो नाही. काम कसं चालतं ते शिकायला आलोय.’ आणि खरोखर शिकायलाच जा. हे न सांगता उभे राहिलात तर तुम्हाला दिसतं ते तुमच्यासाठी केलेलं काम, रोजचं नाही.

आम्हाला उभं राहिल्यावर तीन गोष्टी दिसल्या.

पहिली. इन्सर्ट झिजत जातो तसा शाफ्टचा व्यास वाढत जातो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेची भरपाई म्हणून कंट्रोलमध्ये भरायचा आकडा, थोडा थोडा वजा करत नेतो. पाळी संपेपर्यंत तो उणे ०.१२ मिमीवर गेलेला असतो. मग कॉर्नर बदलला जातो. नवी धार झिजलेली नसते, पण ऑफसेट तसाच राहिलेला असतो. पुढचा जॉब मिमीच्या दहा-बारा शतांशांनी बारीक. भंगारात. जुना ऑपरेटर कॉर्नर बदलला की पहिल्यांदा ऑफसेट मागे घेतो, थोडं मटेरियल शिल्लक ठेवून पहिला जॉब काढतो, मोजतो आणि मग साइजवर आणतो. त्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘त्यात काय सांगायचं, ते करावंच लागतं.’ ते कुणाला कधी सांगितलेलं नव्हतं.

दुसरी. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) ऑफसेटच्या पानावर ‘इनपुट’ आणि ‘प्लस-इनपुट’ अशी दोन बटणं येतात. आधीचा आकडा उणे ०.१२ असताना आणखी उणे ०.०३ हवं असेल तर प्लस-इनपुटने उणे ०.१५ होतं. नुसत्या इनपुटने आधीचा आकडा पुसला जातो आणि उणे ०.०३ उरतं, म्हणजे पुढचा जॉब आणखी ०.०९ ने जाड. रीवर्कचा ढीग यातून होता. नवा मुलगा घाईत कुठलं बटण दाबतो यावर अर्धी पाळी अवलंबून होती.

तिसरी गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे. पोलादाचा एक मीटर दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. मशीनमधून काढलेला शाफ्ट खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर ५० मिमीला सुमारे साडेअकरा मायक्रॉन जास्त दिसतात. पंचवीसच्या टॉलरन्समधले जवळजवळ निम्मे! ऑपरेटर गरम जॉब मोजतो, आकडा वरच्या कडेला दिसतो, तो वजा करतो. जॉब थंड होऊन क्वालिटीच्या खोलीत जातो तेव्हा अंडरसाइज निघतो. ऑपरेटर म्हणतो माझ्याकडे बरोबर होता, इन्स्पेक्टर म्हणतो माझ्याकडे नाही. दोघंही खरं बोलत असतात, आणि भांडण मात्र दर आठवड्याला.

हे शिकवून सुटणारं आहे का?

बहुतेक जण ही पायरी गाळतात. पैसेही सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. रॉबर्ट मेगर या अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञाने १९७० च्या सुमारास एक प्रश्न सुचवला होता, तो मी आजही वापरतो: जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम बरोबर करता येईल का? येत असेल, तर त्याला शिकवण्याची गरज नाही. तो करत नाही त्याचं कारण दुसरीकडे आहे.

आमच्या तीन गोष्टी या प्रश्नावर घासून बघा. ऑफसेटची बटणं नव्या मुलांना खरोखर माहीत नव्हती, तिथे शिकवणं लागणार. कॉर्नर बदलल्यावर मागे घ्यायचं हे काहींना माहीत होतं, काहींना नव्हतं. गरम जॉबचं मात्र वेगळं. जुन्यांपैकी दोघांना ते ठाऊक होतं, तरी ते गरमच मोजत होते. का? कारण जॉब थंड करायला जागाच नव्हती, मायक्रोमीटर तीन मशीनमध्ये एक होता, आणि पाळीचं टार्गेट असं होतं की दोन मिनिटं थांबलं तर संध्याकाळी सुपरवायझर विचारणार. या माणसांना पुन्हा क्लासमध्ये बसवणं म्हणजे त्यांचा अपमान. तिथे हवा होता दुसरा मायक्रोमीटर, मशीनशेजारी एक पत्र्याची ट्रे, आणि पहिल्या जॉबसाठी टार्गेटमधून सोडलेली पाच मिनिटं.

म्हणून प्रत्येक कारणासमोर लिहा: माहीत नाही, सराव नाही, साधन नाही, वेळ नाही, कुणी सांगितलंच नाही की असं हवंय, किंवा बरोबर केल्याचा त्यालाच तोटा होतो. पहिल्या दोनांवर प्रशिक्षण चालतं. बाकीच्यांसाठी व्यवस्थापनाकडे जायचं. नव्या माणसाला हे अवघड वाटतं, ‘मी ट्रेनिंगचा माणूस, मी मायक्रोमीटर कसा मागू?’ मागा. रिजेक्शनची तीन महिन्यांची किंमत आणि एका मायक्रोमीटरची किंमत शेजारी शेजारी लिहून मागा. मालक मंडळींना हा हिशेब चटकन कळतो.

शिकून काय करायला लागेल ते एका वाक्यात

‘ऑफसेटची संकल्पना समजेल’ असं लिहू नका. समजलं की नाही हे तुम्ही बघणार कसं? डोळ्यांना दिसेल असं क्रियापद वापरा: मोजेल, भरेल, थांबवेल, लिहील, सांगेल. कुठल्या परिस्थितीत आणि किती बरोबर, तेही लिहा. आमचं वाक्य होतं: ‘कॉर्नर बदलल्यावर, शेजारी कुणी नसताना, ऑपरेटर ऑफसेट मागे घेऊन पहिला जॉब जाड काढेल, थंड करून मोजेल आणि दुसऱ्या कटला साइजमध्ये आणेल.’ त्यातलं ‘शेजारी कुणी नसताना’ मला फार महत्त्वाचं वाटतं. सेटर (मशीन लावून देणारा जाणता माणूस) बाजूला उभा असताना सगळ्यांनाच जमतं.

या वाक्यात न बसणारी प्रत्येक गोष्ट बाजूला काढा. सीएनसीचा इतिहास, कोऑर्डिनेट सिस्टिमची व्याख्या, कंपनीचं व्हिजन. त्यांची जागा दुसरीकडे आहे. आम्ही आधीच्या ६० स्लाइडवर हे करून बघितलं तेव्हा कामाच्या चार उरल्या.

कामाची फोड

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कसबी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत शेती, दुकान, घर सांभाळणारी माणसं आली. त्यांना लवकर तयार करायला १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. १९४५ पर्यंत सोळा लाखांहून जास्त माणसांनी तो पुरा केला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटासारख्या कारखान्यांच्या कामाच्या पद्धतीत मुरला. त्यातला कामाच्या फोडीचा कागद इतका साधा आहे की आजच्या एखाद्या गाळ्यातल्या वर्कशॉपमध्येही तो तसाच चालतो. मूळ कागदात पायरी आणि खुबी हे दोन रकाने होते, ‘कारण’ हा तिसरा नंतर जोडला गेला.

पायरी म्हणजे काम पुढे सरकवणारी कृती. खुबी म्हणजे ती पायरी बरोबर होण्यासाठी, हात सांभाळण्यासाठी किंवा सोपी जाण्यासाठी जे नेमकं करायचं ते. कारण म्हणजे ती खुबी का. आमच्या कागदातली एक ओळ अशी: पायरी, ‘ऑफसेट मागे घे’. खुबी, ‘आधीचा आकडा वाचून वहीत लिही, मग बदल’. कारण, ‘चुकलं तर परत जाता येतं’. दुसरी: पायरी, ‘दुरुस्ती भर’. खुबी, ‘व्यास कमी करायचा तर वजा, वाढवायचा तर अधिक, प्लस-इनपुट, दशांश चिन्ह बघूनच दाब’. कारण, ‘०.०३ च्या जागी ०.३ गेलं तर जॉब वाचत नाही’.

हा कागद तुम्ही एकट्याने लिहू नका. चांगल्या ऑपरेटरला काम करायला सांगा, तुम्ही लिहा, मग तो कागद त्यालाच वाचून दाखवा. तो म्हणेल, ‘नाही नाही, त्याआधी मी चक (जॉब धरणारा भाग) पुसतो.’ ती ओळ घाला. कसबी माणसाचे हात जे करतात ते त्याच्या तोंडून एकदम कधीच येत नाही, दोन-तीन फेऱ्या लागतात. सात-आठ पायऱ्यांच्या पुढे कागद गेला तर काम दोन धड्यांत तोडा.

भाषेबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथेच सांगतो. कंट्रोलवरचे शब्द इंग्रजीच राहू द्या, कारण बटणावर तेच दिसणार आहेत. बाकी सगळं शिकणाऱ्याच्या बोलण्यातलं. लातूर-नांदेडहून आलेल्या मुलाला आणि बिहारहून आलेल्या मुलाला एकच मराठी स्लाइड दाखवून काम होत नाही. त्याच गावाकडचा कुणी जुना ऑपरेटर असेल तर शिकवायला त्याला सोबत घ्या.

शिकवणं: चार पावलं, आणि तिसऱ्यावर मुक्काम

त्या युद्धकाळातल्या कार्यक्रमातच शिकवण्याची चार पावलं होती: माणसाला तयार करा, करून दाखवा, करून घ्या, मागोवा ठेवा. माझ्या पाहण्यात बहुतेक शिकवणारे सगळा वेळ दुसऱ्या पावलावर घालवतात आणि तिसऱ्याला पाच मिनिटं उरतात. उलट करा.

जागा मशीनची, माणसं एका वेळी दोन, वेळ अर्धा तास. आधी विचारा की याला यातलं काय येतं. मग करून दाखवा: पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या बोलत, दुसऱ्यांदा खुब्यांसकट, तिसऱ्यांदा कारणांसकट. तुम्ही त्याच्या समोर नको, शेजारी उभे राहा, नाहीतर त्याला सगळं उलटं दिसतं.

आता त्याच्या हातात द्या. पहिल्यांदा तो नुसतं करेल, गप्प राहा, पण धोक्याचं किंवा चुकीचं दिसलं तर लगेच थांबवा. दुसऱ्यांदा करताना पायऱ्या बोलायला लावा, मग खुब्या, मग कारणं. ‘दादा, आता मला शिकवा. मी नवीन आहे असं समजा.’ कारण सांगताना तो अडखळला तर ती जागा कच्ची आहे.

बटणांच्या सरावाला जॉब वाया घालवायची गरज नाही. प्रोग्रॅममध्ये न वापरलेला एखादा ऑफसेट नंबर सेटरकडून ठरवून घ्या आणि त्यावर सराव करा, शेवटी तो शून्य करून ठेवा. आम्ही वीस पुठ्ठ्याची कार्डं केली होती. एका बाजूला ‘आधीचा ऑफसेट उणे ०.०८, जॉब ०.०२ जाड’, मागे उत्तर. काही कार्डांत मुद्दाम फास ठेवले: ‘जॉब आत्ताच मशीनमधून काढला आहे’ असं लिहिलं असेल तर बरोबर उत्तर आहे ‘थांबा, थंड होऊ द्या’. मुलं जेवणाच्या सुट्टीत ती कार्डं एकमेकांना विचारायला लागली तेव्हा मला फार आनंद झाला. खऱ्या जॉबवरचा पहिला प्रयत्न मात्र सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवून थांबत), फीड म्हणजे टूल सरकण्याचा वेग कमी ठेवून, सेटर बाजूला असतानाच.

मग अंतर ठेवून परत. माणूस शिकलेलं किती झपाट्याने विसरतो हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. आणि नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगायला लावलं तर ते जास्त दिवस टिकतं, हे २००६ च्या रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात दिसलं. म्हणून एका दिवशी तीन तास घेण्यापेक्षा पहिल्या दिवशी अर्धा तास, तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं, दहाव्या दिवशी पाच मिनिटं आणि महिन्याने पाच मिनिटं घ्या. या पाच मिनिटांत तुम्ही शिकवायचं नाही, तीन कार्डं विचारायची.

डोक्यात ठेवायला नको ते पॅनेलवर लावा

सगळंच पाठ करून घ्यायचा हट्ट धरू नका. महिन्यातून एकदा लागणारी गोष्ट माणूस विसरणारच. पोस्टकार्डाएवढं कार्ड लॅमिनेट करून कंट्रोल पॅनेलच्या बाजूला लावा, कूलंटचे हात लागतात म्हणून लॅमिनेट. त्यावर चारच ओळी: कॉर्नर बदलला? ऑफसेट लिही आणि मागे घे. पहिला जॉब जाड. थंड करून मोज. कमी करायचं तर वजा, प्लस-इनपुट. कधी कधी असं कार्ड लावल्यावर लक्षात येतं की धड्यातला अर्धा भाग आता लागतच नाही. मग तो काढून टाका.

सुपरवायझरला आधी भेटा

बाल्डविन आणि फोर्ड या संशोधकांनी १९८८ मध्ये, शिकलेलं कामावर का उतरत नाही याचा आढावा घेतला. त्यांनी तीन बाजू मांडल्या: शिकणारा, प्रशिक्षणाची रचना आणि कामाची जागा. कामाच्या जागेवर पाळीच्या सुपरवायझरचा शब्द चालतो. मुलगा तुमच्याकडून शिकून गेला आणि रात्री आठ वाजता सुपरवायझर म्हणाला, ‘अरे थंड कसला करतोस, माल काढ’, की तुमचा धडा तिथेच संपला. यात सुपरवायझरला दोष देऊ नका, त्याला सकाळी उत्तर आकड्यांचं द्यायचं असतं.

म्हणून प्रशिक्षणाच्या आठवडाभर आधी त्याच्याशी बसा. त्याच्या पाळीतला किती माल भंगारात गेला ते त्याला दाखवा, फोडीचा कागद वाचून घ्या, त्याच्या दुरुस्त्या घाला. त्याच्याकडून एवढंच मागा: प्रशिक्षणानंतरचे दोन आठवडे, कॉर्नर बदलल्याचं दिसलं की ऑपरेटरला विचारायचं, ‘ऑफसेट किती होता, किती केला?’ त्याच्या एका प्रश्नाने माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त काम केलेलं मी पाहिलं आहे.

उपयोग झाला का ते बघणं

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पातळ्या सांगितल्या: लोकांना आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि धंद्यावर परिणाम झाला का. आपल्याकडे पहिलीवरच गाडी थांबते. तुम्ही चौथीपासून आखत या आणि मोजताना भर तिसरीवर द्या.

तिसरी पातळी मोजायला संगणक लागत नाही. दहाव्या आणि तिसाव्या दिवशी दुसऱ्या पाळीत जा, पाच मुद्द्यांची यादी घेऊन उभे राहा: ऑफसेट लिहिला, मागे घेतला, पहिला जॉब जाड काढला, थंड केला, प्लस-इनपुट वापरलं. हो किंवा नाही. ऑपरेटरच्या नावापुढे गुण देऊ नका, कुठली पायरी जास्त वेळा सुटते ते बघा. एकच पायरी सगळ्यांची सुटत असेल तर दोष धड्यात किंवा जागेत आहे. आम्हाला तिसाव्या दिवशी ‘थंड केला’ वर सर्रास नाही मिळालं. बघितलं तर ट्रे दुसऱ्या मशीनकडे नेलेली होती.

रिजेक्शनचा आकडा बघताना तोच जॉब, तीच मशीन, तीच पाळी धरा, आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन. शेजारी जिथे प्रशिक्षण झालं नाही अशी एक लाइनही मांडा. दोन्हीकडे सारखंच घटलं असेल तर श्रेय बहुधा नव्या इन्सर्टचं किंवा मटेरियलचं आहे, आणि तसं अहवालात लिहा. एकदा खरं लिहिलंत की पुढच्या वेळी तुमच्या आकड्यावर विश्वास बसतो. घटलंच नाही तर मागे जा: फोड चुकली, सराव कमी पडला, की मुळात ते शिकवून सुटणारं नव्हतं?

फोडीच्या कागदावर खाली तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख टाका. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली, इन्सर्टचा ग्रेड बदलला, नवीन कंट्रोलची मशीन आली की तो कागद जुना झाला. बटणांची नावं आणि सेटिंग कंट्रोलनुसार बदलतात, तेव्हा मॅन्युअल उघडून ताडून घ्या. कागद दुरुस्त करायचं काम ज्याच्याकडून तो पहिल्यांदा लिहून घेतला त्या ऑपरेटरकडेच द्या, पेन्सिल कागदाला दोरीने बांधून ठेवा. आमच्या मशीनवरचा कागद वर्षभरात चार वेळा बदलला. शेवटच्या दोन दुरुस्त्या एका अप्रेंटिस मुलाच्या अक्षरात होत्या.